सिनेटरचा कार्यअहवाल कसा वाचावा

नगरसेवकाचा किंवा आमदाराचा कार्यअहवाल आपल्या चांगलाच परिचयाचा. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हात जोडलेला फोटो, आत भूमिपूजनांची यादी आणि नावाआधी 'कार्यसम्राट'. अमेरिकेतले सिनेटरही आपल्या राज्यातल्या लोकांना असा अहवाल पाठवतात. हल्ली तो बहुतेक वेळा ई-मेलने येतो, कोणाचा आठवड्याला तर कोणाचा महिन्याला. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया इथल्या मराठी घरांतही तो पोचतो आणि बऱ्याचदा न उघडताच कचऱ्यात जातो. उघडलाच, तर पहिले दोन परिच्छेद वाचून भलताच समज होण्याची शक्यता असते. मोठ्या अक्षरांत ज्याची बातमी असते ते काम सहसा अर्ध्या वाटेवर असतं, आणि घरात उद्या ज्याची गरज पडेल ती गोष्ट तळाशी एका ओळीत उरकलेली असते.

आधी एक घोळ निस्तरू. अमेरिकेत 'सिनेटर' दोन प्रकारचे असतात. वॉशिंग्टनच्या सिनेटमध्ये, म्हणजे 'काँग्रेस' या राष्ट्रीय संसदेच्या वरच्या सभागृहात, दर राज्याचे दोन, असे १००. मुदत सहा वर्षं. कॅलिफोर्नियाची लोकसंख्या चार कोटींच्या घरात आणि वायोमिंगची सहा लाखही नाही, तरी दोघांनाही दोनच. याशिवाय राज्यांची आपापली विधिमंडळं आहेत आणि त्यांच्या वरच्या सभागृहातले सदस्यही सिनेटरच. न्यू जर्सीत ते ४० आहेत, कॅलिफोर्नियातही ४०. (नेब्रास्काची तऱ्हा न्यारी. तिथे एकच सभागृह आहे, पण त्यातल्या सदस्यांनाही सिनेटरच म्हणतात.) न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या घराचा मालमत्ता कर, शाळेचं अनुदान, गाडीचं लायसन्स, न्यू जर्सी ट्रान्झिटची गाडी हे राज्याच्या सिनेटरचं खातं. व्हिसा, पासपोर्ट, सोशल सिक्युरिटी, आयकराचा परतावा हे वॉशिंग्टनवाल्याचं. अहवाल कोणाचा आहे हे न पाहता ग्रीन कार्डाचं गाऱ्हाणं राज्याच्या सिनेटरकडे नेलं, तर उत्तर नम्रपणे येतं, काम मात्र होत नाही.

पुढचा सगळा लेख वॉशिंग्टनच्या सिनेटरांबद्दल आहे.

मंजूर झालं, पण कुठे?

आपल्या लोकांना चांगलंच आठवेल असं एक उदाहरण घेऊ. नोकरीच्या आधारावर अमेरिका वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं देते, आणि त्यात अर्जदाराचा जोडीदार आणि मुलंही मोजली जातात. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांहून जास्त मिळत नाहीत. त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग वर्षांत नाही, दशकांत मोजावी लागते. ही देशनिहाय मर्यादा काढून टाकणारं विधेयक युटाचे सिनेटर माइक ली यांनी सिनेटमध्ये मांडलं होतं. त्याचा क्रमांक एस. ३८६. प्रतिनिधिगृहाने, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहाने, त्याच आशयाचं आपलं स्वतःचं विधेयक जुलै २०१९ मध्ये ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केलं. सिनेटमध्ये मात्र ली यांचं विधेयक वर्षभराहून जास्त रखडलं. एका सिनेटरची हरकत मिटली की दुसऱ्याची निघायची. अखेर २ डिसेंबर २०२० रोजी सिनेटनेही विधेयक मंजूर केलं आणि त्याच्या बातम्या भारतातही झळकल्या.

आणि महिन्याभरात ते विधेयक मेलं.

कारण साधं आहे. एकेकाची हरकत दूर करताना सिनेटचा मसुदा बदलत गेला होता. प्रतिनिधिगृहाने मंजूर केलेला मजकूर वेगळा, सिनेटचा वेगळा. दोन्ही सभागृहांनी शब्दन् शब्द सारखा मजकूर मंजूर केल्याशिवाय तो राष्ट्राध्यक्षांच्या सहीला जात नाही. तसा एक मजकूर झालाच नाही. ३ जानेवारी २०२१ ला त्या काँग्रेसची दोन वर्षांची मुदत संपली आणि पाटी कोरी झाली. आपल्याकडे राज्यसभेत मांडलेलं आणि लोकसभेकडे न गेलेलं विधेयक लोकसभा विसर्जित झाली तरी जिवंत राहतं. तिकडे तसं नाही. सिनेटचे दोन तृतीयांश सदस्य तेच राहिले तरी दर दोन वर्षांनी सगळी अर्धवट विधेयकं बाद होतात आणि नव्या क्रमांकाने पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

यात आणखी एक मेख आहे. एस. ३८६ ज्या पद्धतीने मंजूर झालं तिला सर्वसंमती म्हणतात. सभागृहात विचारणा होते आणि कोणीही हरकत घेतली नाही तर विधेयक पारित होतं. १०० पैकी एकाने जरी हरकत घेतली, तरी तो रस्ता बंद. पण अशा वेळी नावानिशी मतदानच होत नाही. त्यामुळे 'माझा या विधेयकाला पाठिंबा होता' असं त्या दिवशी गप्प बसलेला कोणताही सिनेटर पुढे म्हणू शकतो, आणि ते खरं की खोटं हे तुम्हाला नोंदीत सापडणार नाही.

म्हणून अहवालात विधेयकाचं नाव दिसलं की आधी ते कुठे पोचलंय ते पाहावं. नुसतं मांडणं म्हणजे फार काही नव्हे. दोन वर्षांच्या एका काँग्रेसमध्ये दहा हजारांहून जास्त विधेयकं मांडली जातात, त्यातले कायदे होतात काही शे. बाकीची समितीकडे जातात आणि तिथेच झोपतात. दुसऱ्याच्या विधेयकावर सहप्रायोजक म्हणून नाव घालायला त्याहून कमी कष्ट. खात्याच्या प्रमुखाला वीस सहकाऱ्यांच्या सह्यांचं पत्र धाडणं तर त्याहून सोपं. अर्थात पत्र लिहिणारा त्या खात्यावर देखरेख करणाऱ्या समितीचा अध्यक्ष असेल तर गोष्ट वेगळी, कारण मग खात्याला उत्तर टाळणं अवघड जातं. समितीतून विधेयक बाहेर पडलं, तरी सभागृहात चर्चा थांबवून मतदानापर्यंत यायला बहुतेक विषयांत ६० मतं लागतात. एवढी मतं एकाच पक्षाकडे असण्याची वेळ क्वचितच येते.

मात्र 'विधेयक पडून आहे' म्हणजे काम बुडालंच असंही समजू नये. काँग्रेसच्या वेबसाइटवर एखादं विधेयक समितीतच अडकलेलं दिसतं आणि त्यातलं कलम मात्र वर्षाअखेरच्या संरक्षणविषयक कायद्यात किंवा मोठ्या खर्चाच्या कायद्यात गुपचूप घातलेलं असतं. अनुभवी सिनेटर असंच काम करतात. आपल्या नावाचं विधेयक गाजवण्यापेक्षा कोणत्या गाडीला डबा जोडायचा हे त्यांना कळतं. अशा कामाची बातमी मोठ्या अक्षरांत येत नाही, कारण ते दोन ओळींत सांगणं अवघड असतं.

विरोधी मताचंही तसंच. 'अमक्याने या विधेयकाविरुद्ध मत दिलं' असा मेसेज फिरायला लागला की तो नेता बहुमतातल्या पक्षाचा गटनेता आहे का ते बघा. चर्चा थांबवण्याचा ठराव पडणार असं दिसलं की गटनेता मुद्दाम विरुद्ध बाजूने मत देतो. कारण फेरविचाराचा, म्हणजे पुन्हा मतदान घेण्याचा, प्रस्ताव हरणाऱ्या बाजूने मत दिलेल्याला आणता येत नाही, असा नियम आहे.

निधी 'मिळवून दिला'

आपल्या खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांचा स्थानिक विकास निधी असतो. त्यातून समाजमंदिर, बसथांबा, व्यायामशाळा उभी राहते आणि वर खासदाराचं नाव लागतं. अमेरिकी सिनेटरकडे असा स्वतःचा निधी नसतो. तरीही अहवालात 'आपल्या जिल्ह्यासाठी इतके दशलक्ष डॉलर आणले' असं वाक्य हमखास असतं. ते कुठून येतात?

एक वाट म्हणजे अर्थसंकल्पात नाव घालून मागितलेली रक्कम. तिला इअरमार्क म्हणतात. २०११ पासून ही प्रथा दहा वर्षं बंद होती, २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. आता सिनेटरला आपली प्रत्येक मागणी वेबसाइटवर जाहीर करावी लागते आणि त्यात स्वतःचा किंवा जवळच्या कुटुंबीयांचा आर्थिक स्वार्थ नाही असं लिहून द्यावं लागतं. मागणी आधी समितीच्या यादीत येते, मग दोन्ही सभागृहांच्या तडजोडीत टिकते, मग सही होते. अहवाल मात्र पहिल्या पायरीपासूनच सुरू होतात. २०२४ च्या उन्हाळ्यात समितीच्या यादीत आलेल्या कितीतरी पुलांच्या, दवाखान्यांच्या, पाणीयोजनांच्या रकमा अशाच जाहीर झाल्या होत्या. मार्च २०२५ मध्ये वर्षभरासाठी जुनाच खर्च पुढे चालू ठेवणारा कायदा झाला आणि त्या वर्षाचे हे सगळे इअरमार्क गळाले.

यात आणखी एक भेद आहे, तो आपल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. प्रशासकीय मान्यता मिळाली म्हणजे निधी वर्ग झाला असं नसतं, हे ग्रामपंचायतीत एक खेप घातलेल्यालाही ठाऊक असतं. वॉशिंग्टनमध्येही तेच. एक कायदा 'इतका खर्च करता येईल' असं म्हणतो, आणि प्रत्यक्ष पैसा दरवर्षी वेगळ्या कायद्याने द्यावा लागतो. २०२२ च्या चिप्स अँड सायन्स कायद्याने नॅशनल सायन्स फाउंडेशन या संशोधनाला अनुदान देणाऱ्या सरकारी संस्थेसाठी भरघोस वाढीव रकमांना मान्यता दिली. २०२४ च्या अर्थसंकल्पात त्या संस्थेला प्रत्यक्षात आदल्या वर्षापेक्षाही कमी पैसे मिळाले. संशोधनासाठी तिकडे गेलेल्या आपल्या मुलामुलींना हा फरक अनुदानाच्या पत्रातून कळला असेल, सिनेटरच्या पत्रातून नव्हे.

आणि ज्या कायद्याने पैसे आले त्यावर याच सिनेटरने काय मत दिलं होतं? २०२१ चा पायाभूत सुविधांचा कायदा सिनेटमध्ये ६९ विरुद्ध ३० मतांनी मंजूर झाला. अलाबामाचे टॉमी टबरव्हिल यांनी विरोधात मत दिलं होतं. जून २०२३ मध्ये त्याच कायद्यातून अलाबामाला ब्रॉडबँडसाठी १.४ अब्ज डॉलर मिळणार असं जाहीर झालं, तेव्हा त्यांनी समाजमाध्यमावर त्याचं जाहीर स्वागत केलं. टीका झाली तेव्हा त्यांच्या बाजूने उत्तर आलं की कायदा झालाच आहे तर अलाबामाला तिचा वाटा मिळायलाच हवा. उत्तर अगदीच बिनबुडाचं नाही. फक्त ते अहवालातल्या स्वागताच्या ओळीशेजारी छापलेलं नसतं. नावानिशी झालेलं प्रत्येक मतदान सिनेटच्या वेबसाइटवर असतं, ते स्वतः काढून पाहावं.

टपालखर्च कोणाचा?

छापील अहवालावर तिकिटाच्या जागी सिनेटरची सही असते. ही सवलत अमेरिकेच्या संविधानापेक्षाही जुनी, १७७५ सालची. मध्ये १८७३ मध्ये ती रद्द झाली होती, नंतर पुन्हा आली. खर्च करदात्यांचा, म्हणून बंधनंही आहेत. मत मागायचं नाही, देणगी मागायची नाही. सिनेटर स्वतः उमेदवार असेल तर निवडणुकीच्या आधीच्या ६० दिवसांत एकाच मजकुराची ५०० हून जास्त पत्रं पाठवायची नाहीत. सणाचं शुभेच्छापत्रही या सवलतीत पाठवता येत नाही. दर दिवाळीला नेत्यांच्या फ्लेक्सखालून वाट काढणाऱ्या आपल्याला हे फारच कडक वाटेल.

म्हणूनच देणगीचं बटण असलेला ई-मेल आला तर तो सिनेटरच्या कार्यालयाचा नाही, त्याच्या प्रचार समितीचा आहे. कार्यालयाचा पत्ता 'सेनेट डॉट गव्ह' असा संपतो. नाव तेच, फोटोही तोच, पण यंत्रणा पूर्ण वेगळ्या.

या अहवालांवरून एक गाजलेला खटलाही झाला. विस्कॉन्सिनचे सिनेटर विल्यम प्रॉक्समायर सरकारी उधळपट्टीवर तुटून पडायचे. १९७५ पासून ते दर महिन्याला एखाद्या खात्याला 'गोल्डन फ्लीस' नावाचा उपहासात्मक पुरस्कार जाहीर करत. त्यात रोनाल्ड हचिन्सन या शास्त्रज्ञाच्या प्रयोगांना पैसे देणाऱ्या सरकारी संस्था सापडल्या. माकडं चिडली की जबडा कसा आवळतात, असं ते संशोधन. प्रॉक्समायरनी त्याची टर उडवली, आणि ती मतदारांना गेलेल्या त्यांच्या वार्तापत्रातही छापली. हचिन्सन कोर्टात गेले. सभागृहातल्या भाषणाला संविधानाचं संरक्षण आहे, त्याबद्दल खटला भरता येत नाही. आपल्याकडे कलम १०५ खासदारांना असंच संरक्षण देतं. प्रश्न असा होता की तेच शब्द वार्तापत्रात छापले तर? १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी सांगितलं की संरक्षण लागू होत नाही. लोकांना माहिती देणं हे चांगलं काम असेल, पण ते कायदे करण्याच्या कामाचा भाग नाही. पुढे तडजोड होऊन प्रॉक्समायरना हचिन्सन यांना १०,००० डॉलर द्यावे लागले.

तळाची ओळ

आता ती एका ओळीत उरकलेली गोष्ट. पत्राच्या शेवटी साधारण असं म्हटलेलं असतं, की केंद्र सरकारच्या कोणत्याही खात्याशी अडचण असेल तर आमच्याशी संपर्क साधा. याला केसवर्क म्हणतात. ते करणारी माणसं बहुधा वॉशिंग्टनमध्ये नसतात. राज्यातल्या शहराशहरांत सिनेटरची छोटी कार्यालयं असतात, तिथे बसून ती दिवसभर हेच काम करतात. यासाठी मतदार असावं लागत नाही. त्या राज्यात राहणारा एच-१बी वाला माणूसही मदत मागू शकतो. पैसे लागत नाहीत, आणि तुम्ही कोणत्या पक्षाचे हे विचारलं जात नाही.

पहिली पायरी एका फॉर्मची. १९७४ च्या खाजगीपणाच्या कायद्यामुळे तुमच्या लेखी संमतीशिवाय कोणतंही खातं तुमच्या फाइलीबद्दल सिनेटरशी बोलू शकत नाही. फॉर्मवर अर्जदाराचीच सही लागते. अर्ज बायकोच्या नावाचा असेल तर नवऱ्याची सही चालत नाही. सोबत पावती क्रमांक जोडायचा आणि काय कधी घडलं ते तारखांनिशी एका पानात लिहायचं. त्यात अन्यायाचं वर्णन कमी आणि कागदांचे क्रमांक जास्त असलेले बरे. हे पान वाचणाऱ्याच्या टेबलावर अशा कित्येक फाइली असतात.

मग कार्यालय त्या खात्याच्या काँग्रेस-संपर्क विभागाला विचारणा करतं. कधी कळतं की फाइल चुकीच्या केंद्रात गेली होती. कधी तुम्ही पाठवलेलं उत्तर फाइलीला लागलेलंच नसतं. कधी सोशल सिक्युरिटीने मृत म्हणून नोंदवलेला माणूस जिवंत आहे हे सिद्ध करण्यासाठीही या कार्यालयांची मदत घेतली जाते. पासपोर्टचं काम तर ठरलेलंच. २०२३ मध्ये साध्या पासपोर्टाला १० ते १३ आठवडे लागत होते, तेव्हा सिनेटरांची कार्यालयं याच विनंत्यांनी भरून गेली होती. आजी आयसीयूत, तिकडे जन्मलेल्या नातवाचा अमेरिकी पासपोर्ट मुदत संपलेला आणि विमान परवाचं, अशा वेळी एजन्सीतली तातडीची अपॉइंटमेंट शोधून देणं हे त्यांच्या रोजच्या कामातलं आहे.

पण याला 'साहेबांची चिठ्ठी' समजू नये. सिनेटर विचारू शकतो, घाई करण्याची विनंती पुराव्यानिशी पुढे पाठवू शकतो; निर्णय बदलायला लावू शकत नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेतला तुमचा नंबर तो पुढे सरकवू शकत नाही. कोर्टात असलेल्या प्रकरणात हात घालत नाही. खूपदा उत्तर येतं ते एवढंच, की तुमचं प्रकरण नेहमीच्या मुदतीत आहे. निराशा होते, पण फाइल हरवलेली नाही एवढं तरी कळतं. आणि दोन्ही सिनेटर आणि प्रतिनिधिगृहाचा सदस्य अशा तिघांना एकदम कामाला लावण्यात फायदा नाही. एकच चौकशी तीनदा होते, म्हणून बहुतेक कार्यालयं एकाच ठिकाणी जा असं सांगतात.

याउलट धोरणाबद्दल मत कळवायचं असेल तर तिघांनाही कळवावं. त्यासाठी फोन किंवा वेबसाइटवरचा फॉर्म बरा. ऑक्टोबर २००१ मध्ये सिनेटर डॅशल आणि लेही यांच्या नावाने अँथ्रॅक्सच्या जीवघेण्या जंतूंची पाकिटं टपालात टाकली गेली, तेव्हापासून कॅपिटॉलकडे, म्हणजे संसदभवनाकडे, जाणारं कागदी टपाल किरणांचा मारा करून निर्जंतुक केलं जातं आणि पत्र पोचायला वेळ लागतो. फोनवर नाव, पिनकोडसारखा झिप कोड, विधेयकाचा क्रमांक आणि बाजूने की विरोधात, एवढं पुरतं. समोरचा विशीतला कर्मचारी ते नोंदवून घेतो. वाद घालायचं काम त्याचं नसतं.

शेवटी नाशिकला किंवा सांगलीला बसलेल्या आईवडिलांसाठी. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत पर्यटक व्हिसा नाकारला गेला, तर तुम्ही स्वतः सिनेटरला लिहून उपयोग नाही. त्यांची कार्यालयं आपल्या राज्यातल्या रहिवाशांसाठीच काम करतात. टेक्सासात राहणाऱ्या मुलीने टेक्सासच्या सिनेटरकडे जावं. तरी व्हिसा तुमच्या नावाचा असल्याने सही तुमचीही लागू शकते. आणि 'परत येण्याची खात्री पटली नाही' म्हणून अमेरिकी स्थलांतर कायद्याच्या २१४(बी) कलमाखाली नकार असेल, तर सिनेटरच्या पत्राने तो फिरत नाही. नव्याने अर्ज करून, बदललेली परिस्थिती दाखवून पुन्हा मुलाखतीला उभं राहावं लागतं.